एक चमचा पाणी

आमच्या घरात एक गोष्ट गेली काही वर्षं कुणी काढत नाही. मीही काढली नव्हती. पण परवा आत्याशी फोनवर बोलताना कशावरून तरी विषय निघाला आणि ती एकदम म्हणाली, "त्या पोरीला आपण फार बोललो रे." फोन ठेवला तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलो. नातेवाईक मंडळींना सुरुवातीचा भाग ठाऊकच आहे, त्यांनी तो गाळून पुढे जायला हरकत नाही.

२०१६ सालचा पावसाळा. सकाळी साडेसहाला अण्णांच्या हातातून चहाचा कप निसटला. बोलणं जड झालं होतं, ओठाची एक बाजू जरा खाली आली होती. "रात्री हातावर झोपले असतील," हे वाक्य माझंच. आईने हाताला तेल चोळलं. शेजाऱ्यांनी ॲसिडिटीची गोळी आणून दिली. थोडं पडू दे, बरं वाटेल, असं करता करता दुपारी एकला आम्ही जिल्ह्याच्या गावी इस्पितळात पोचलो. डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं की रक्तस्राव नाही, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्हाला साडेसहा तास झाले होते.

म्हणजे औषध होतं आणि आम्ही ते चुकवलं होतं. हे कळल्यावर माणूस स्वतःवर चिडत नाही, समोर जो दिसेल त्याच्यावर चिडतो. संध्याकाळी अण्णांनी खुणेने पाणी मागितलं. आत्याने पेल्यात पाणी घेतलं, चमचा त्यांच्या तोंडाशी नेला, आणि पलीकडच्या खाटेशी उभी असलेली एक सिस्टर झटक्यात येऊन तो पेला काढून घेऊन गेली. "गिळायची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही द्यायचं नाही." वय असेल पंचवीसच्या आसपास. आत्या रडायला लागली. आजारी माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंब घालू देत नाहीत म्हणजे काय! दादा तक्रार करायला ऑफिसात गेला. आणि मी त्या मुलीला सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टरांना विचारलंत का? हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

ती काही बोलली नाही. पेला बाजूला ठेवून पुन्हा अण्णांपाशी आली आणि त्यांचा ताप बघायला लागली.

माझा प्रश्न माझ्या मते बिनतोड होता. पुढे जरा वाचन केलं तेव्हा लक्षात आलं, की नेमका हाच प्रश्न साठेक वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनी विचारला होता, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावरच हृदयविकाराचे हजारो रोगी वाचायला लागले. तो इतिहास मला फार रंजक वाटला. इतिहास म्हटलं की आपण शोध लावणाऱ्यांची नावं शोधतो. ह्या गोष्टीत यंत्रं आहेत, औषधं आहेत, पण खरी मेख वेगळीच आहे. रोग्याच्या उशाशी जो उभा आहे त्याला काही करायची मुभा आहे की नाही, ही ती मेख.

सुरुवात हृदयापासून करतो, कारण हे सगळं सुरू तिथेच झालं.

१९५० च्या सुमारास एखाद्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो जिवंत इस्पितळात पोचला, तर उपचार म्हणजे मुख्यतः विश्रांती. चार-सहा आठवडे खाटेवर पडून राहायचं. हालचाल नको म्हणून जेवणसुद्धा नर्सने भरवायचं. १९५२ साली बॉस्टनमध्ये लेव्हाइन आणि लाउन ह्या दोघांनी अशा रोग्यांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेदेखील धाडस वाटलं. दाखल झालेल्या शंभरातले सुमारे तीस जण इस्पितळातच जात. आणि जायचे कसे, तर अचानक. सकाळी गप्पा मारणारा माणूस दुपारी गेलेला. नर्स दुसऱ्या खाटेकडून परत येईपर्यंत खेळ आटोपलेला असे.

ह्या अचानक जाण्याचं कारण बहुतेक वेळा हृदयाची बिघडलेली लय असे. हृदय थांबत नाही, नुसतंच थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलत नाही. विजेचा धक्का दिला तर लय परत येऊ शकते, हे माहीत झालं होतं. क्लॉड बेक ह्या शल्यविशारदाने १९४७ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाचं हृदय असं परत सुरू केलं होतं, पण छाती उघडलेली असताना. १९५६ मध्ये पॉल झोल ह्यांनी छाती न उघडता बाहेरून धक्का देऊन दाखवला. आणि १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर ह्या तिघांनी दाखवून दिलं, की छातीवर हातांनी ठरावीक दाब देत राहिलं तर रक्ताभिसरण काही काळ चालू ठेवता येतं. ह्यातले कौवेनहोवेन डॉक्टर नव्हतेच, विजेचे इंजिनियर होते.

म्हणजे १९६० साली सगळं सामान तयार होतं. लय दाखवणारं यंत्र, धक्का देणारं यंत्र, आणि दोन हात. तरी माणसं मरतच होती. का?

कॅन्सस सिटीच्या बेथनी इस्पितळातले डॉ. ह्यूज डे ह्यांना ह्याचं उत्तर अनुभवातून मिळालं. त्यांनी आधी सगळी सामग्री एका ढकलगाडीवर मांडली. कुणाचं हृदय बंद पडलं की गाडी घेऊन पथक धावायचं. आजही प्रत्येक वॉर्डात अशी गाडी असते. पण गाडी पोचेपर्यंत उशीर झालेला असे. हृदय बंद पडल्यावर मेंदूपाशी जेमतेम तीन-चार मिनिटं असतात. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात यायचं, त्याने हाक मारायची, डॉक्टरांनी जिना चढून यायचं.. गणित जमतच नव्हतं.

तिकडे एडिंबरामध्ये डेस्मंड ज्युलियन नावाच्या तरुण डॉक्टरने १९६१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. त्यातली कल्पना आज अगदी साधी वाटते. झटक्याचे सगळे रोगी एका जागी ठेवा. त्यांच्या हृदयाच्या लयीवर सतत नजर ठेवा. यंत्रं आणि औषधं तिथेच ठेवा. आणि चौथी गोष्ट, डॉक्टर हजर नसतील तेव्हा शिकवून तयार केलेल्या नर्सने स्वतः रोग्याला परत आणायचे उपाय सुरू करावेत. मे १९६२ मध्ये डे ह्यांनी बेथनीमध्ये असा विभाग उघडला. त्याच सुमारास टोरांटो, सिडनी, फिलाडेल्फिया इथेही असे विभाग निघाले. आज ज्याला आपण आयसीसीयू म्हणतो त्याचा हा जन्म.

पहिल्या तीन गोष्टींवर कुणाचा आक्षेप नव्हता, पैसे टाकले की त्या होणाऱ्या होत्या. अडचण चौथीची होती. त्या काळी नर्सने इसीजी वाचायचा नसे, ते डॉक्टरांचं काम. निदान करायचं नाही, औषध ठरवायचं नाही. रोग्याच्या छातीवर विजेचा धक्का देणं तर फार दूर. चुकलं तर जबाबदार कोण? कायद्याला हे चालेल का? आणि मुख्य म्हणजे, 'ठरवणाऱ्या तुम्ही कोण?'

ह्याचा सरळ सामना फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन इस्पितळात झाला. डॉ. लॉरेन्स मेल्टझर ह्यांनी आपल्या विभागाची उभारणीच अशी केली की त्याचा कणा नर्स असेल. ते काही नर्सवरच्या उपकारापोटी नव्हे. चोवीस तास, तिन्ही पाळ्यांत, रोग्यापासून चार पावलांवर फक्त तीच असते, हा साधा हिशेब होता. त्यांच्या जोडीला होत्या रोझ पिनिओ. त्या स्वतः नर्स. पडद्यावरची रेघ बघून कोणती लय निरुपद्रवी, कोणती धोक्याची सूचना देणारी आणि कोणती दिसताक्षणी धक्का द्यायची, हे नर्सना शिकवायचं कसं, ह्याची पद्धत ह्या विभागातून तयार झाली. १९६५ मध्ये मेल्टझर, पिनिओ आणि किचेल ह्या तिघांचं नर्सेससाठी लिहिलेलं हृदयरोग अतिदक्षतेचं पुस्तक निघालं. दोन डॉक्टर आणि एक नर्स, आणि नर्सचं नाव आभारांच्या यादीत नाही तर लेखकांमध्ये. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

मला ह्यातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे, की नर्सला नवं यंत्र मिळालं म्हणून ती बदलली असं झालं नाही. ती आधीपासून बघतच होती. चेहऱ्याचा रंग, कपाळावरचा घाम, श्वासाची लय, रोग्याची उगाचची चुळबुळ. फरक एवढाच झाला, की बघितल्यावर हाक मारून वाट बघत बसायची सक्ती गेली.

परिणाम आकड्यांत दिसला. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या किलिप आणि किंबल ह्यांनी अशा विभागातल्या अडीचशे रोग्यांचा दोन वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. रक्तदाब पार कोसळलेले रोगी वगळले, तर इतरांमधलं मृत्यूचं प्रमाण २६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं होतं. एकूणच अशा विभागांमुळे इस्पितळातले मृत्यू तिसावरून पंधरा टक्क्यांच्या आसपास आले, असं मानलं जातं. हे श्रेय एकट्या नर्सेसचं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण त्यांच्याशिवाय ते झालं असतं असं म्हणणं त्याहून मोठी अतिशयोक्ती होईल. १९६९ मध्ये अमेरिकेत ह्या नर्सेसनी आपली स्वतंत्र संघटनासुद्धा काढली.

सगळंच बरोबर निघालं असंही नाही. धोक्याचे ठोके दिसले की लगेच लिग्नोकेन द्यायचं, अशी तेव्हा पद्धत पडली. पुष्कळ ठिकाणी ते देण्याची आधीच लिहून ठेवलेली मुभा नर्सला असे. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरसकट लिग्नोकेन दिल्याने जीव वाचत नाहीत असं दिसलं आणि ती पद्धत मागे पडली. औषध बदललं. बघणं आणि तिथल्या तिथे कृती करणं मात्र राहिलं.

मग हा विभाग इस्पितळाबाहेरही पडला. बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज ह्यांनी १९६६ साली मोटारच्या बॅटरीवर चालणारं, सुमारे सत्तर किलोचं धक्का देणारं यंत्र रुग्णवाहिकेत चढवलं आणि डॉक्टर व नर्सला सोबत घेऊन ती रोग्याच्या घरी धाडली. पुढे गुठळी विरघळवणारी औषधं आली तेव्हा तोच जुना वाद नव्याने झाला. इंग्लंडमध्ये २००० च्या आगेमागे अनेक ठिकाणी इसीजी वाचून हे इंजेक्शन सुरू करायची मुभा हृदयरोग विभागातल्या अनुभवी नर्सना दिली गेली. कारण तेच. डॉक्टरांची वाट बघण्यात जाणारी मिनिटं.

हृदयाचं असं सुरू असताना मेंदूच्या झटक्याचं काय चाललं होतं? फारसं काही नाही. अर्धांगवायू म्हटलं की करण्यासारखं काही नाही, असंच जगभर धरून चालत. रोगी एखाद्या कोपऱ्यातल्या खाटेवर जायचा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये.

पण त्याच्या पाच वर्षं आधी नॉर्वेत ट्रॉनहाइम इथे एक प्रयोग झाला होता. २२० रोगी. निम्मे नेहमीच्या वॉर्डात, निम्मे फक्त पक्षाघातासाठी काढलेल्या वॉर्डात. नवं औषध नाही, चमत्कारी यंत्र नाही. ह्या वॉर्डातल्या नर्सेस, डॉक्टर आणि व्यायाम करवून घेणारी मंडळी ह्याच कामासाठी तयार केलेली होती, रोग्याला लवकर हलतं करत होती, आणि बारीकसारीक गोष्टी ठरलेल्या पद्धतीने बघत होती. सहा आठवड्यांनी मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या वॉर्डात १७.३ टक्के, आणि ह्या वॉर्डात ७.३ टक्के. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा वाचले.

बारीकसारीक गोष्टी म्हणजे कोणत्या, ह्याचं नेमकं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. सँडी मिडलटन ह्या नर्सिंगच्या प्राध्यापिका. त्यांच्या गटाने न्यू साउथ वेल्समधले पक्षाघाताचे १९ विभाग घेतले. दहा विभागांतल्या मंडळींना तीन गोष्टी नीट करायला शिकवलं आणि त्या खरोखर होतात ना ह्याचा पाठपुरावा केला. ताप, साखर आणि गिळणं. पहिले तीन दिवस दर चार तासांनी ताप बघायचा, साडेसदतीस अंश सेल्सियसला पोचला की पॅरासिटॅमॉल. साखर वारंवार बघायची, वाढली की इन्सुलिन. आणि गिळता येतं की नाही हे तपासल्याशिवाय तोंडाने अन्न, पाणी, गोळी काही म्हणजे काही द्यायचं नाही. ही तपासणी कुणी करायची, तर शिकवून तयार केलेल्या नर्सनेच.

२०११ साली निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. नव्वद दिवसांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रोगी इतर विभागांत ५८ टक्के होते, ह्या विभागांत ४२ टक्के. शंभरातले सोळा! थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि चमचा. ह्यातली कुठलीही वस्तू आपल्याकडच्या तालुक्याच्या इस्पितळात मिळणार नाही अशी नाही.

गिळण्याचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मेंदूच्या झटक्यानंतर सुमारे निम्म्या रोग्यांना सुरुवातीला नीट गिळता येत नाही. हात लुळा पडतो तसा घसाही पडतो, फक्त तो बाहेरून दिसत नाही. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. धडधाकट माणसाला ठसका लागतो. ह्या रोग्याला कधी कधी ठसकाही लागत नाही, पाणी निमूटपणे फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. म्हणजे आत्याच्या हातातला तो प्रेमाचा चमचा..

असो.

त्या रात्री त्याच सिस्टरने अण्णांची तपासणी केली. पाठीमागे उशा लावून ताठ बसवलं. आधी खोकायला सांगितलं. मग एक चमचा पाणी. घशावर बोटं ठेवून बघितलं, मग "नाव सांगा आजोबा" म्हणाली. आवाज घुळघुळीत आला, पाण्यातून आल्यासारखा. तिने मान हलवली, कागदावर लिहिलं आणि डॉक्टरांना कळवलं. नाकातून नळी घातली गेली. आम्ही तोंडं फिरवून उभे होतो. पुढचे तीन दिवस ती आणि तिच्या जागी पाळीवर येणाऱ्या दुसऱ्या सिस्टर बोट टोचून साखर बघत होत्या, ताप बघत होत्या, कुशीवर वळवत होत्या. आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसून एकमेकांना सांगत होतो, "इथे काही ट्रीटमेंटच चालू नाहीये."

ट्रीटमेंट तीच होती. इंजेक्शनची वेळ आम्ही घालवली होती, आणि तिथून पुढे अण्णांसाठी जे काही करण्यासारखं होतं ते बहुतेक त्या मुलींच्याच हातात होतं. खरं तर इंजेक्शन मिळालं असतं तरी ते त्यांच्याच हातात असतं. ते दिल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि मग चोवीस तास पुरे होईपर्यंत दर तासाला रक्तदाब बघावा लागतो. मी बेरीज केली, छत्तीस वेळा होतात. डॉक्टर इंजेक्शन लिहून देतात एकदा.

पाचव्या दिवशी अण्णा तपासणीत पास झाले. घट्टसर पेज, लहान चमच्याने, हनुवटी खाली घेऊन. कसं भरवायचं हे तिने आत्यालाच शिकवलं, मागचं काही मनात न ठेवता. निदान तसं दाखवलं तरी नाही.

घरी सोडलं त्या दिवशी आम्ही पेढे आणले. डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन दिले, पाया पडलो. ती रात्रपाळी करून गेलेली होती. तिचं नाव विचारायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. सगळे तिला 'सिस्टर'च म्हणत होते, तक्रारीच्या अर्जातसुद्धा दादाने 'ड्यूटीवरील सिस्टर' असंच लिहिलं होतं. काही महिन्यांनी मी मुद्दाम गेलो, तेव्हा ती नोकरी सोडून गेल्याचं कळलं. आमच्या अर्जाचा त्याच्याशी संबंध नसावा. नसेलच. पण हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

अण्णा त्यानंतर साडेचार वर्षं होते. उजवा हात शेवटपर्यंत पुरता चालला नाही, पण चहा स्वतःच्या हाताने प्यायचे, डाव्या. त्या दिवशी तो पेला तिने काढून घेतला नसता तर काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही. काही झालंही नसतं कदाचित. पण ते जुगारावर सोडायचं नाही, हे ठरवायला तिथे कुणीतरी हवं होतं, आणि ती ठरवायला उभी राहिली, समोर आम्ही पाच जण ओरडत असताना.

"हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?" ह्या माझ्या प्रश्नाचं उत्तर एडिंबरा, कॅन्सस आणि फिलाडेल्फियात १९६० च्या दशकातच देऊन झालं होतं. जी तिथे उभी आहे आणि जिला कळतं, ती ठरवणार. मला ते कळायला उशीर झाला.

आत्या, तू हे वाचशील तेव्हा फोन कर. आणि बाकीच्यांनो, कुणाचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं जड झालं, तर तेल चोळत बसू नका. घड्याळ बघा आणि निघा. पाणी पाजू नका.